आजीबाईंशी वाद

पुडिंग खावं की खाऊ नये, यावरून धर्मचर्चा पेटली असं कुणी सांगितलं तर हसूच येईल. पण ती खरोखर झाली, इंग्लंडमध्ये, एकोणिसाव्या शतकात.

पंडिता रमाबाई १८८३ साली वाँटेजच्या मठात राहायला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत जेमतेम अडीच वर्षांची लेक मनोरमा. ख्रिस्ती झाल्या तरी बाईंचा शाकाहार सुटेना; पुडिंगचा वाद त्यातलाच. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी आधी कबुली दिली, की सगळे संस्कार काही गळून पडलेले नाहीत. मग उलट विचारलं: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि शेजाऱ्याला न दुखवणाऱ्या आपल्या चालीरीती तिनं पाळल्या, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का?

या एका प्रश्नात त्यांची सगळी कसोटी आली आहे. शेजाऱ्याला इजा होते का, हे पाहायचं. आणि जो नियम मला, तोच तुम्हाला.

क्रूसाचंही तसंच. त्यावर लॅटिन अक्षरं हवीत, हा मठाचा रिवाज. रमाबाई संस्कृतवर अडल्या. लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा पवित्र असं काय आहे, हा त्यांचा सवाल. संस्कृत पंडित अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या लेकीला हे विचारण्याचा अधिकार होता, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं, अशी कल्पना निघाली. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी ती मोडता घालून अडवली. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल, ही भीती. रमाबाईंना नवल वाटलं. आपल्या वडिलांनी नि नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती या मंडळींनी घ्यावी!

सगळ्यात अवघड भांडण मात्र श्रद्धेचं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरेना. बायबलात जे सापडत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानायचं का? पुरोहितांचं एक जोखड महाप्रयासानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी सिस्टरना साफ लिहिलं. सिस्टरना हा हट्ट वाटला. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र रागे न भरता लांबलचक पत्रांतून शंकांना उत्तरं दिली. त्यांनी सगळं पटवून दिलं असं नाही; पण शंका घेणं म्हणजे पाप, असं त्या मानत नव्हत्या, आणि वाद पुढे सरकला तो एवढ्यामुळेच.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला निघाल्या. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यांनी सोडली नाही, प्रश्नही सोडले नाहीत. पुढे केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. मूळ पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची खोड जुनीच!

सिस्टर जेराल्डीननी या वादातली पत्रं जपून ठेवली, स्वतःवर ठपका ठेवणारीसुद्धा. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली; संपादक होते अ. भि. शहा, धर्मनिरपेक्षतेचे कट्टर पुरस्कर्ते. त्यात रमाबाईंची पत्रं वाचताना एक गंमत दिसते. पोटातला मजकूर तिखट असतो, आणि सिस्टरना हाक असते ती ‘आजीबाई’.