मचाणाची उंची



यंदाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय वाचून तिघा जणांनी दवाखान्यात येऊन विचारलं, "डॉक्टर, छपाईची चूक झाली का?" त्यांचंही बरोबर आहे. मी जैन, तोही शेतकरी घरातला. सप्त व्यसनांत शिकारीचं नाव आहे हे आम्हांला पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी शिकवलेलं. व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. अशा माणसाने हरणाच्या शिकारीसाठी मचाण किती उंच बांधावं यावर का बोलावं?

कारण हा प्रश्न आमच्या घरात एकदा खरोखरच उभा राहिला होता, आणि त्याचं उत्तर चुकलं होतं. शिवाय मचाण हे फक्त शिकाऱ्याचं नसतं. आपल्या भागातला शेतकरी त्यालाच माळा म्हणतो आणि त्यावर बसून पीक राखतो. वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजणारे स्वयंसेवकही मचाणावरच बसतात. हेतू तीन, लाकूड एकच. म्हणून आधी लाकडाचं बोलू आणि मग हेतूचं.

समजा, तुम्हांला मचाण बांधायचंय. पहिला विचार मनात येतो तो असा की जेवढं उंच तेवढं चांगलं. दूरचं दिसतं आणि जनावराला आपण दिसत नाही. यात अर्धं खरं आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला पुढचं, बाजूचं आणि बरंचसं मागचंही दिसतं. तांबडा रंग त्याला आपल्यासारखा कळत नाही, हालचाल मात्र चटकन कळते. डोळ्यांच्या रेषेच्या वर बसलेला, न हलणारा माणूस त्याच्या नजरेतून सुटू शकतो. पण फांद्यांच्या वर, मोकळ्या आभाळाच्या पाठीवर बसलात तर तुमची काळी आकृती लांबूनही उठून दिसते. मागे खोडाचा किंवा पानांचा आडोसा असेल तर बारा फूट पुरतात. आडोसा नसेल तर पंचवीस फुटांचाही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट वासाची. हरणाचं खरं राज्य नाकावर चालतं. उंचावर बसलं की आपला वास त्याच्या डोक्यावरून निघून जातो, असं शिकारी सांगतात. काही अंतरापर्यंत ते खरं असतं. पण डोंगरउतारावर हवा दिवसभर एकसारखी वाहत नाही. ऊन चढलं की ती तापून वर सरकते. संध्याकाळी जमीन निवली की गार, जड हवा ओढ्याच्या वाटेने खाली उतरते. मचाण ओढ्याच्या वरच्या अंगाला असेल, तर संध्याकाळी तुमचा वास त्या हवेबरोबर बरोबर पाणवठ्यावर पोहोचतो. मग तुम्ही दहा फुटांवर असा की तीस. तेव्हा उंचीच्या आधी जागा ठरवावी आणि जागेच्या आधी वारा पाहावा. आमच्याकडचे जुने लोक चिमूटभर राख सोडून वारा बघत.

तिसरी गोष्ट कोनाची, आणि आमची चूक झाली ती इथेच. हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. तुम्ही वीस फुटांवर बसला आहात आणि जनावर झाडाच्या बुंध्यापासून साठ फुटांवर आहे. नजरेची रेष जमिनीशी साधारण अठरा अंशांचा कोन करते, म्हणजे जनावर जवळजवळ बाजूनेच दिसतं. तेच जनावर तीस फुटांवर आलं की कोन चौतीस अंशांच्या आसपास जातो. पंधरा फुटांवर आलं की त्रेपन्न. म्हणजे आता तुम्हांला त्याची कूस दिसत नाही, पाठ दिसते. हरणाची दोन फुप्फुसं छातीत शेजारी शेजारी असतात. बाजूने गेलेली गोळी किंवा बाण दोन्हींतून जातो आणि जनावर थोड्याच अंतरावर पडतं. वरून उभी आलेली गोळी अनेकदा एकाच फुप्फुसातून जाते. एका फुप्फुसावर जनावर कितीतरी वेळ चालत राहतं.

आता ती हकिकत सांगतो. १९६९-७० चा हिवाळा. मी नऊ वर्षांचा होतो. खानापूर तालुक्यात आमचं शेत, त्याची एक कड रानाला लागलेली. भातानंतर मसूर पेरलेला होता आणि रात्री सांबरं उतरून तो खात होती. तेव्हा परवाना काढून शिकार करता येई. शहरातले एक शिकारी वडिलांच्या ओळखीचे होते. त्यांनी सुचवलं, "एक नर पाडला की बाकीचे महिनाभर फिरकणार नाहीत." वडील हो-नाही करत राहिले. आजोबांनी ठाम नकार दिला. पण पीक डोळ्यांदेखत जात होतं, आणि आजोबा चार दिवस पाहुणे म्हणून गेले असताना वडिलांनी मान हलवली.

आमच्या बांधावर आंबा होता. गड्याचं म्हणणं, बारा फुटांवरचं बेचकं चांगलं, पाठीला खोड येतं. शिकारी म्हणाले, वीस फुटांच्या वर बांध, वास लागायला नको. गड्याने बांधलं. शिवाय जनावर जवळ यावं म्हणून झाडाच्या बुंध्यापाशीच मीठ टाकून ठेवलं. उंच मचाण आणि पायाशी आमिष. मघाच्या हिशेबात हे बसवून पाहा.

रात्री एकच बार ऐकू आला. सकाळी रक्ताचे थेंब होते, सांबर नव्हतं. वरून शिरलेल्या गोळीला खाली बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर रक्त आतच साठतं आणि जमिनीवर माग राहत नाही. हे मला फार पुढे, शरीरशास्त्र शिकताना कळलं. शिकारी दुपारपर्यंत शोधून परत गेले. तिसऱ्या दिवशी गुराख्याच्या पोरांना ते ओढ्यात सापडलं. मलप्रभेला मिळणारा तो ओढा, गुडघाभर पाणी. सांबर पाण्यात बसलेलं होतं आणि जिवंत होतं. मी त्या पोरांबरोबर गेलो होतो. त्याच्या श्वासाचा आवाज मी आजही ओळखेन. दम्याच्या रोग्याला तपासताना तो कधीतरी कानात येतो.

आजोबा परतले. ते कोणालाच रागावले नाहीत. त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. वडिलांनी कारण विचारलं तेव्हा इतकंच म्हणाले, "ते तीन दिवस बसलं होतं न्हवं?"

नंतर त्यांनी ते मचाण उतरवलं. लाकूड फेकलं नाही. त्याच लाकडाचा शेताच्या मध्ये माळा बांधला, जेमतेम दहा फुटांचा. मी विचारलं, इतका खाली का? त्यांनी दिलेली कारणं दोन होती. एक, इथून हाक मारली तर जनावराला नीट ऐकू जाते. दुसरं, रात्री झोपेतून उठलेल्या माणसाला आपलं आपण उतरता आलं पाहिजे. मग सूर्यास्ताच्या आत जेवून, घोंगडं, पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन घरातले पुरुष आळीपाळीने तिथे बसू लागले. मसूर सगळा वाचला नाही. निम्म्याहून थोडा जास्त हाती लागला.

माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात आहे. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार कायद्याने चालते. ठरलेला हंगाम असतो, परवाना असतो, आणि झाडाला बांधायची लोखंडी बैठक दुकानात मिळते. त्याचा एक सहकारी दर वर्षी धनुष्यबाण घेऊन बसतो. पुतण्याने त्याला माझ्या वतीने उंची विचारली. उत्तर आलं, पंधरा ते वीस फूट. त्याहून वर गेलं तर कोन बिघडतो आणि जनावर जखमी होऊन जातं. आमच्या गड्याला न शिकता जे कळत होतं, तेच हे. मला तो खेळ पटत नाही. पण नेम नीट साधणार नसेल तर बाण सोडायचा नाही, हा त्या माणसाचा नियम आमच्या त्या शिकाऱ्याला ठाऊक असता, तर एक जीव तीन दिवस पाण्यात बसला नसता.

त्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे मचाणावर बसणाऱ्यांना बंदुकीइतकीच भीती पडण्याची असते. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगभर पट्टा बांधून तो झाडाला अडकवायचा असतो. पट्ट्यात लोंबकळत राहणंही धोक्याचं, कारण पायात रक्त साचून माणूस बेशुद्ध होतो. म्हणून पाय टेकायला दोरीचा फासही जवळ ठेवतात.

हा चौथा मुद्दा, आणि इथे मी डॉक्टर म्हणून बोलतो. बारा फुटांवरून पडलेला माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. वीस फुटांवरून एकोणचाळीस, तीस फुटांवरून अठ्ठेचाळीस. पडायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. पायांवर पडला तर टाचेचं हाड आणि कंबरेच्या वरचा मणका एकदमच मोडू शकतो. माळ्यावरून पडलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. त्यांना बैलगाडीत किंवा रिक्षात बसवून आणलेलं असे, आणि तिथेच निम्मं नुकसान झालेलं असे. माझ्या गोळ्यांनी मोडलेला मणका जुळत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगतो आणि इस्पितळात पाठवतो. तुम्हांलाही सांगून ठेवतो: पडलेल्याला उठवून बसवू नका. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर निजवून न्या. माळा जांभळीवर किंवा शेवग्यावर बांधू नका, त्यांची फांदी न सांगता मोडते. सुंभ आणि वेल दर पावसाळ्यानंतर बदला. आणि दारू पिऊन शिडी चढू नका.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, हे सगळं कशाला? मला खरी काळजी आहे ती इथेच. शिकारीचं मचाण गेलं ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर राखणीचा माळाही जातो आहे. पोरं शहरात गेली. रात्रभर जागायला घरात माणूस नाही. रानडुक्कर, गवा, सांबर यांचं येणं थांबलेलं नाही. मग कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडला जातो. तो बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्या तारेला डोळे नाहीत. ती डुक्कर, कुत्रं आणि पहाटे परसाकडे निघालेला शेजारी, यांत फरक करत नाही. अशा तारेने गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्या घरी मी आधी तापाला औषध दिलं होतं.

आमच्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगतात. घरकामात होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, आपलं रक्षण करताना होते ती विरोधी, आणि ठरवून केलेली संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, म्हणून त्या कमी करत जायच्या. चौथी मात्र सोडायचीच. नांगर धरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा हिशेब रोज करावा लागतो. माझ्या मते माळा हा विरोधीत बसतो. तारेत प्रवाह सोडून घरी झोपणारा म्हणतो, मी कुठे कोणाला मारायला गेलो? पण रात्री खटका दाबताना त्याला ठाऊक असतं की सकाळी काहीतरी मरून पडलेलं सापडेल. याला संकल्पी नाही तर काय म्हणायचं, ते तुम्ही सांगा.

आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती तुम्ही पाहिली असेल. १२०४ सालची. छतातलं दगडी कमळ पाहायला लोक मान वर करतात. आत मूर्ती आहे ती नेमिनाथांची. नेमिकुमारांची वरात निघाली होती. वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांना ऐकू आला. सारथ्याला विचारलं, तो म्हणाला, लग्नाच्या जेवणासाठी आहेत. नेमिकुमार लग्न न करताच मागे फिरले आणि गिरनारावर गेले. लहानपणी ही कथा ऐकताना मला वैराग्याचं नवल वाटायचं. आता वाटतं की वाजंत्री चालू असताना, रथात उंच बसलेल्या नवरदेवाला तो आवाज ऐकू कसा आला?

आजोबांचा माळा दहा फुटांचा का, याचं उत्तर मला तिथे मिळतं. खालून आलेला आवाज वर ऐकू यावा आणि वरची हाक खाली जावी, एवढीच उंची त्यांना हवी होती.

माझी एक सूचना आहे, ती मांडून थांबतो. आपल्या मंडळाचे निम्मे सभासद गावाकडे अजून जमीन राखून आहेत. या हंगामात चार-चार शेजाऱ्यांनी मिळून एक माळा बांधावा आणि पाळीने जागावं. म्हणजे एका घराला चार रात्रींतून एकच रात्र जागावी लागेल. माझी जमीन लहान आहे, पण माझी पाळी मी चुकवणार नाही. शिडी भक्कम असावी, एवढीच माझ्या वयाची अट आहे.