समलिंगी व्यक्ती आणि समुपदेशकाचे कर्तव्य



आपल्या मुलाला पुरुषांची, अथवा मुलीला स्त्रियांची, जी ओढ वाटते ती एकदाची नाहीशी करून त्याला बोहल्यावर उभे राहण्याजोगे करा, अशी मागणी घेऊन आईबाप आजही समुपदेशकाकडे येतात. ती मागणी नाकारणाऱ्या समुपदेशकानेही, केवळ तटस्थ राहून आपले कर्तव्य बजावले असे मानू नये, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ही ओढ व्याधी नव्हे, हे शास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. १९५७ साली एव्हलिन हूकर या अमेरिकन विदुषीने ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसचाचण्यांचे कागद ओळख झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कोणता कागद कोणाचा, हे त्या तज्ज्ञांना सांगता आले नव्हते. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, समलैंगिकता आपल्या विकारसूचीतून वगळली. आपल्याकडे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही ओढ बदलू पाहणारे रूपांतर-उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

मग दुःख उरते ते कशाचे? १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल केले, तोवर ज्यांचे प्रेम फौजदारी गुन्ह्यात जमा होते, आणि त्यानंतरही ज्यांना वर्षानुवर्षांच्या जोडीदाराचा उल्लेख कचेरीत ‘रूममेट’ म्हणून करावा लागतो, नात्यातल्या प्रत्येक लग्नात ‘आता तुझे कधी?’ या प्रश्नाला हसून उत्तर द्यावे लागते, त्यांची झोप उडाली तर तिचे कारण त्यांच्या ओढीत नसून अष्टौप्रहर सांभाळाव्या लागणाऱ्या लपवालपवीत असते. अशा माणसासमोर समुपदेशक मौन धरून बसला, तर ते मौन त्याला जगाच्या निवाड्यावरील शिक्कामोर्तबच वाटते.

म्हणून पहिल्याच भेटीत ‘लग्न झाले का?’ याऐवजी ‘आयुष्यात कोणी जोडीदार आहे का?’ असे विचारावे; आणि फी वडील देत असले, तरी सज्ञान मुलाची कैफियत त्याच्या परवानगीवाचून त्यांच्या कानी घालू नये. मात्र स्वीकार म्हणजे उतावीळपणा नव्हे. जिचे शिक्षण आणि अन्नवस्त्र बापाच्या मर्जीवर चालते, जिचा फोन काढून घेऊन महिन्याभरात लग्न उरकले जाऊ शकते, अशा मुलीला ‘घरी सारे सांगून टाक’ असा आग्रह करणे म्हणजे तिला संकटात लोटणे होय. ‘लग्न कर, म्हणजे सारे सुरळीत होईल’ हा सल्ला तर त्याहून घातक. कारण ज्याला कशाचीच कल्पना नाही, अशा तिसऱ्या निरपराध जिवाचे आयुष्य त्यात गहाण पडते.

कोणी म्हणेल, येणारी व्यक्तीच ‘मला बदला’ असे विनवीत असेल तर? त्या इच्छेचा अनादर न करता ती कोणाच्या भयातून उपजली, हे तिच्याबरोबर बसून शोधावे; विजेचे झटके आणि वांतीची औषधे देऊन पूर्वी जे प्रयोग झाले, त्यांनी ओढ बदलली नाही, लाज तेवढी वाढविली.

हे सारे कोणालाही उपजत येत नाही. घर सोडून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी स्वतः एका मानसशास्त्रज्ञापुढे बसून या विषयाचे धडे घेतले, आणि मगच ७ जून २०२१ च्या हुकुमाने रूपांतर-उपचारांना मनाई केली. न्यायासनावरील माणसाला जे शिकणे कमीपणाचे वाटले नाही, ते शिकावयास समुपदेशनाची पाटी लावणारा तयार नसेल, तर त्याने ती पाटी उतरवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.