‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ : डेस्कटॉप सॉफ्टवेअर, दूध डेअरी आणि एक न सापडणारी चूक

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण कोड लिहिता येत नसेल तरी ऐका. अडेल तिथे मी थांबून सांगेन.

मी सी प्लस प्लसमध्ये विंडोजसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो. बीटेक झाल्यापासून हेच करतोय. कॉलेजचे मित्र भेटले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘अरे, आता डेस्कटॉप कोण वापरतं?’ त्यांना मी म्हणतो, पहाटे साडेपाचला कुठल्याही गावातल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन बघ. एक जुना कॉम्प्युटर, त्याला जोडलेला वजनकाटा, शेजारी फॅट आणि एसएनएफ मोजणारं मशीन, एक छोटा प्रिंटर आणि बाहेर किटल्या घेऊन उभी असलेली रांग. इंटरनेट असलं तर असतं. तिथे जे चालतं ते आमचं सॉफ्टवेअर.

कामाचं स्वरूप सोपं आहे. शेतकऱ्याचा नंबर टाकायचा, काट्यावरून लिटर येतात, मशीनवरून फॅट येतं, त्यावरून दर निघतो, पावती छापायची. माणशी अर्धं मिनिट. दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे मशीनकडून येणारा दशांश चिन्हानंतरचा तो एक आकडा थेट कुणाच्या तरी घरखर्चाला जोडलेला असतो. ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने कळायला तीन वर्षं लागली. त्याकडे येतो. आधी नेहमीच्या तक्रारी उरकू.

पहिली, ‘सुरूच होत नाही’. डबल क्लिक केलं की व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल सापडत नाही असा मेसेज येतो. तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ असतं, त्यामुळे तिथे ती फाइल असतेच. गावातल्या कॉम्प्युटरवर नसते. रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज तुमच्या सेटअपमध्येच घाला. आणि त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डी’ दिसला तर गडबड तुमची आहे, तुम्ही डीबग बिल्ड पाठवलंय. दुसरा प्रकार म्हणजे शेवटी ‘७बी’ असलेला तो एरर. बहुतेक वेळा ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटची डीएलएल उचलत असतो, किंवा उलट. यावर माझा एकच उपाय : एक व्हर्च्युअल मशीन कोरं ठेवायचं, त्यात विंडोजशिवाय काहीही नाही. प्रत्येक सेटअप आधी तिथे चालवायचा. पंधरा मिनिटं जातात, पण फोन वाचतात.

दुसरी तक्रार मला फार आवडते. ‘काल चालत होतं, आज काटा दिसत नाही.’ मशीनं सीरियल पोर्टला जोडलेली असतात आणि आता कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरना स्वतःचा सीरियल नंबर नसतो. मग तो कुठल्या खाचेत घातलाय यावरून विंडोज त्याला ओळखतं. कुणी मोबाइल चार्जिंगला लावायला कन्व्हर्टर काढला आणि परत दुसऱ्या खाचेत घातला की नवा कॉम नंबर. असं करत करत एका केंद्रावर तो कॉम १० झाला आणि आमचं सॉफ्टवेअर आडवं पडलं. कॉम १ ते ९ ही नावं विंडोज जुन्या डॉसच्या सवयीने थेट ओळखतं. १० पासून पुढे नावाआधी दोन बॅकस्लॅश, एक डॉट आणि परत एक बॅकस्लॅश द्यावा लागतो. तसं दिलं की एक ते नऊलाही चालतं, म्हणजे सरसकट द्यायला काहीच हरकत नाही.

पण खरी चूक ती नव्हती. आमचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर काय दाखवत होतं? ‘मशीन जोडलेले नाही.’ बिचारा ऑपरेटर दोन तास वायर हलवत बसला. विंडोज आम्हाला स्पष्ट सांगत होतं की दोन नंबरचा एरर आहे, त्या नावाची वस्तू सापडत नाही. तो नंबर आम्ही फेकून देऊन आमच्या मनाचं वाक्य छापत होतो. गेटलास्टएररची किंमत फंक्शन फसल्याबरोबर पहिल्या ओळीत उचला. मध्ये एखादं लॉग लिहायचं फंक्शन जरी बोलावलंत तरी ती बदललेली असू शकते.

तिसरी, ‘चार दिवस चालतं आणि मग अक्षरंच गायब होतात’. विंडोजमध्ये एका प्रोसेसला साधारणपणे १०,००० जीडीआय हँडल मिळतात : फॉन्ट, ब्रश, पेन वगैरे. आम्ही पावती छापताना चार वस्तू तयार करत होतो आणि परत करत नव्हतो. सकाळी तीनशे नोंदी, म्हणजे बाराशे हँडल. संध्याकाळी परत बाराशे. केंद्रावर सॉफ्टवेअर कधी बंद करत नाहीत. करा हिशोब, पाचव्या दिवशी सकाळी स्क्रीन पांढरी. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा कॉलम चालू करा आणि तुमचं सॉफ्टवेअर वापरत तो आकडा बघत बसा. चढत राहिला आणि उतरला नाही तर गळती आहे. एवढंच.

क्रॅशबद्दल फार बोलत नाही. क्रॅश झाला तर तुम्ही नशीबवान आहात असं मी आता म्हणतो. रजिस्ट्रीमध्ये लोकलडम्प्स नावाची की टाकून ठेवली की विंडोज स्वतःहून डंप फाइल साठवतं. ती मागवा, विनडीबीजीमध्ये उघडा, त्याच बिल्डची पीडीबी फाइल जवळ असेल तर बऱ्याचदा थेट ओळ सापडते. ‘त्याच बिल्डची’ हे महत्त्वाचं. कोड तोच ठेवून परत बिल्ड केलेली पीडीबी जुळत नाही. पाठवलेल्या प्रत्येक बिल्डची पीडीबी जपून ठेवा.

आता क्रॅश न होणाऱ्या चुकीबद्दल.

सांगली जिल्ह्यातलं एक केंद्र. तिथल्या सचिवांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. एका सकाळी अण्णांचा फोन. ‘साहेब, एक मावशी पावती घेऊन भांडायला लागल्यात. म्हैस एकच आहे त्यांची, रोज सहा-आठ, सहा-नऊ फॅट लागतं. आज चार-दोन आलंय. म्हणतात, एका रात्रीत माझ्या म्हशीची गाय झाली काय?’

मी हसलो. आणि सांगितलं, ‘अण्णा, मशीन साफ करून कॅलिब्रेट करून घ्या.’ अण्णांनी करून घेतलं. दहा-बारा दिवसांनी परत तसंच, दुसरा शेतकरी. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी अण्णा काहीच बोलले नाहीत, फक्त पावत्यांचा फोटो पाठवला. मावशींची पावती आणि त्यांच्या आधीच्या माणसाची. फॅट तेच. एसएनएफपण तेच, दशांशापर्यंत. आधीच्या माणसाने गाईचं दूध आणलं होतं.

फॅट जुळणं योगायोग असू शकतो. दोन्ही आकडे जुळले म्हणजे मशीनने मोजलेलंच नाही. मावशींच्या पावतीवर आमच्या सॉफ्टवेअरने आधीच्या माणसाचं दूध छापलं होतं.

ऑफिसमध्ये मी दोन दिवस तेच करत बसलो, एकदाही झालं नाही. कारण आमच्याकडे खरं मशीन नव्हतं. सिम्युलेटर होता, मीच लिहिलेला, आणि तो फार सज्जन होता. पूर्ण ओळ एका दमात पाठवायचा. खरं मशीन तसं पाठवत नाही. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, एका अक्षराला एक मिलिसेकंद. चाळीस अक्षरांची ओळ यायला चाळीसेक मिलिसेकंद लागतात. आमचं वाचणारं फंक्शन ‘आत्ता जेवढं आलंय तेवढं दे आणि परत ये’ अशा टाइमआउटवर सेट केलेलं. ते ओळ अर्धी असताना पोचलं तर अर्धीच ओळ हातात यायची. सीरियल पोर्ट म्हणजे नळ आहे, बाटली नाही. किती येईल ते नळ ठरवतो.

बरं, अर्धी ओळ आली. मग एसस्कॅनएफ त्यातून फॅट काढायला जायचं आणि हात हलवत परत यायचं. किती आकडे मिळाले ते ते सांगतं, पण आम्ही विचारत नव्हतो. आणि फॅटसाठी जे व्हेरिएबल होतं त्यात सुरुवातीला काहीही भरलेलं नव्हतं. ‘फ्लोट फॅट;’ एवढीच ओळ. सी प्लस प्लसमध्ये याचा अर्थ शून्य असा होत नाही. त्या जागेत आधी जे पडलं होतं ते. तेच फंक्शन, स्टॅकवरची तीच जागा, म्हणून बहुतेक वेळा आधीच्या शेतकऱ्याचं फॅट. कधी भलताच आकडा यायचा, तेव्हा ऑपरेटर परत बटण दाबायचा आणि आम्हाला कुणी कळवायचं नाही. कंपायलरनेही वॉर्निंग दिली नाही, कारण व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की ते भरणार असं तो धरून चालतो.

मग मी सिम्युलेटरला बिघडवलं. ओळ मध्येच तोडायला लावली, मध्ये थांबायला लावलं, थोडा कचरा घालायला लावला. डीबग बिल्डमध्ये चालवलं आणि स्क्रीनवर आलं : फॅट, उणे दहा कोटी त्र्याहत्तर लाख चौऱ्याहत्तर हजार एकशे शहात्तर. व्हिज्युअल स्टुडिओचं डीबग बिल्ड स्टॅकवरची न भरलेली जागा मुद्दाम सीसी या बाइटने भरून ठेवतं, आणि ते चार बाइट फ्लोट म्हणून वाचले की हाच आकडा येतो. तुम्हाला कधी -१०७३७४१७६ दिसला तर समजा, कुणीतरी व्हेरिएबल भरायचं विसरलंय. एखादा चुकीचा आकडा बघून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. आलेली अक्षरं साठवायची, ओळ संपल्याची खूण येईपर्यंत हात लावायचा नाही. दोन्ही आकडे मिळाले तरच पुढे. नाही मिळाले तर नोंद होणार नाही, मोठ्याने बीप वाजेल. आणि मशीनकडून आलेली मूळ ओळ जशीच्या तशी लॉगमध्ये.

त्या लॉगवरूनच पुढचा प्रश्न आला. आधी तो नव्हता. मग मागच्या किती नोंदी चुकल्या? लागोपाठच्या नोंदींमध्ये दोन्ही आकडे सारखे, असं शोधलं. सापडल्या. त्यातल्या काही खऱ्याही असणार. पण ओळ फॅटनंतर तुटली असेल तर फॅट बरोबर आणि एसएनएफ आधीच्याचं, ते या शोधात येत नाही. आणि ‘सहा पॉइंट’वर तुटली असेल तर सहा-आठचं सहा-शून्य होतं. ते तर कुठल्याच क्वेरीत सापडणार नाही. सहा-शून्य हा अगदी भला दिसणारा आकडा आहे.

ऑफिसात चर्चा झाली. एक मत होतं की अपडेट टाकू, ‘किरकोळ सुधारणा’ लिहू, कशाला बोभाटा. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी मान हलवली होती. बग माझाच होता, ते फंक्शन मी लिहिलं होतं. रात्री अण्णांनी पाठवलेला फोटो परत बघितला. पावतीखाली मावशींचा अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की मी सांगलीला जातोय. ते वैतागले, पण नाही म्हणाले नाहीत. अण्णांसमोर बसून सगळं सांगितलं, संशयित नोंदींची यादी दिली. अण्णांनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली. म्हणाले, ‘मशीन धुऊन धुऊन आमचा पोरगा दमला की हो साहेब.’ मग संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरलं, यादीतल्या कमी लागलेल्या नोंदींना त्या शेतकऱ्याच्या आधीच्या दहा दिवसांची सरासरी धरून फरक द्यायचा. जास्त लागलेल्यांकडून वसुली नाही. निम्मा फरक आमच्या कंपनीने भरला. नंतर बाकीच्या केंद्रांनाही पत्र आणि तसाच रिपोर्ट गेला. किती जणांनी तो उघडला, सांगता येत नाही. तिघांचे फोन आले.

मावशी त्या दिवशी केंद्रावर भेटल्या. अण्णांनी ओळख करून दिली, ‘हेच ते इंजिनियर.’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘मग म्हशीत काय खोट नव्हती ना?’ नाही म्हटलं. ‘मी पेंड बदलली होती उगीच,’ म्हणाल्या, आणि किटली उचलून गेल्या.

तो बिघडवलेला सिम्युलेटर आता आमच्याकडे प्रत्येक बिल्डला रात्रभर चालतो. टीममधल्या नव्या मुलीने त्याचं नाव ‘म्हैस’ ठेवलंय. पुढच्या भागात प्रिंटरवर देवनागरी छापताना जोडाक्षरं का फुटतात, त्यावर बोलू. तुमच्याकडे फुटलेल्या पावत्या असतील तर फोटो पाठवा.