पेटी आणि पत्ता

आंबा कोणासाठी थांबत नाही. तयार झालेला हापूस वेळेवर उतरवला नाही तर झाडावरून गळतो. उतरवून अढीत घातला की थोड्याच दिवसांत पिकतो. त्या थोड्या दिवसांत त्याला गिऱ्हाईक मिळाले पाहिजे. वर्षभराची मेहनत, खताऔषधांचा खर्च आणि घरातल्या माणसांच्या आशा या एवढ्याशा मुदतीवर तोललेल्या असतात.

२०२० साली २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातला आंबा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जाई. बागायतदाराने पेटी भरावी, दलालाकडे पाठवावी आणि पट्टी येईल ती स्वीकारावी, असा हा व्यवहार. या दलालाला नुसते नावे ठेवून चालणार नाही. अडीअडचणीला उचल देणाराही बहुधा तोच असे. परंतु या व्यवहारात बागायतदाराला खाणाऱ्याचे नाव कधी कळत नसे, आणि खाणाऱ्याला बागेचे. वाशीचा बाजार त्या एप्रिलमध्ये काही दिवस बंद ठेवावा लागला, तेव्हा या अज्ञानाची किंमत प्रथमच ध्यानात आली. माल होता, खाणारेही होते. पत्ता मात्र कोणाचाच कोणाजवळ नव्हता.

हा पत्ता अनेकांना भ्रमणध्वनीने मिळवून दिला. पुण्यामुंबईच्या गृहसंस्थांतून एखाद्या रहिवाशाने व्हॉट्सॲपवर शेजाऱ्यांची मागणी गोळा करावी, बागायतदाराने तेवढ्या पेट्यांची गाडी थेट फाटकाशी आणावी आणि पैसे यूपीआयने चुकते व्हावेत, अशी रीत पडली. एका पेटीसाठी कोकणातून गाडी धाडणे कोणाला परवडणार? पण तीस-चाळीस घरांची मागणी एका फाटकाशी जमली, की तोच हिशेब जुळतो. राज्याच्या कृषी पणन मंडळानेही शेतकरी आणि शहरातील ग्राहक यांची गाठ घालून देण्यास हातभार लावला. वाटही आधीच मोकळी झालेली होती: फळे व भाजीपाला २०१६ साली राज्यात बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला होता आणि यूपीआयही त्याच वर्षी सुरू झाले होते.

तथापि, सारे श्रेय यंत्राला देणे न्याय्य होणार नाही. हापूसला साका नावाचा एक दोष असतो. फळ वरून सोन्यासारखे दिसते आणि कापले की आत पांढुरके, पोकळ निघते. त्याचे छायाचित्र कितीही सुंदर काढले तरी हा दोष दिसत नाही. शिवाय कोणताही आंबा हापूस म्हणून विकणारे थोडे नाहीत. म्हणून तर २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळवावे लागले. अशा मालासाठी न पाहिलेल्या माणसाला पैसे धाडायचे, तर भरवसा हवा. तो पुष्कळदा जुन्या नात्यांतून आला. मुंबईतला चाकरमानी आपल्या गावच्या बागेची ग्वाही शेजाऱ्याला देई, आणि खराब निघालेले फळ बदलून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येई. आंतरजालाने विश्वास निर्माण केला नाही. असलेल्या विश्वासाला वाट करून दिली.

या साधनाची मर्यादाही त्याच वर्षी दिसली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले. नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, मनोरे बंद पडले, आणि कित्येक गावांचा आवाज बाहेर पोहोचेना. जिथे एरवीही रेंज मिळत नाही अशा वाडीतल्या, चारदोन कलमे राखणाऱ्या वृद्धाची स्थिती तर वादळावाचूनही तीच असते. ज्याच्या हाती साधन आहे त्याने शेजाऱ्याची पेटी आपल्या गाडीत घेतली, तरच ते साधन गावाचे ठरेल.

संकट आल्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. आंबा विकणारा असो, हातमागावर विणणारा असो की खानावळ चालवणारी बाई असो, आपला माल कोण घेतो हे सुकाळातच विचारून ठेवले पाहिजे. पेटी दरसाल भरतेच. तिच्यावर लिहायचा पत्ता मात्र आधीपासून जपावा लागतो.