एसी घ्यायच्या आधी एकदा वर छताकडे बघा

(मार्च महिन्यातील ग्रामसंघाच्या बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेली मांडणी. अनेक सदस्यांनी मागणी केल्यामुळे लिहून घेऊन छापत आहोत.)



आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या महिन्यात तीन गटांच्या बैठकांना गेले आणि तिन्हीकडे एकच प्रश्न आला, "पोरी, यंदा एसी घ्याचा म्हन्तो, कोनता घ्याचा?" एका गटात तर कर्जाच्या मागणीत शिलाई मशीन, शेळी आणि एसी एकाखाली एक लिहिलेले होते. काही जणी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. झोप झाली नाही तर सकाळी मजुरीला जायचं कसं? घरात गारवा पाहिजे ही चैन नाही. पण 35-40 हजारांचं कर्ज काढून आणलेली वस्तू तुमच्या घरात चालेल का, हे आधी बघू.

उष्णता येते कुठून ते पहिल्यांदा पाहा. आपल्या घरात ती मुख्यतः वरून येते. पत्रा दुपारी इतका तापतो की हात लावता येत नाही आणि तो ताप सरळ खाली डोक्यावर उतरतो. घरकुलाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खोलीत सोडतो, म्हणून रात्री बाराला पंख्याची हवासुद्धा गरम येते. अशा छताखाली कोणतीही मशीन आणा, तिची अर्धी ताकद छताशी भांडण्यात जाईल.

म्हणून पहिला खर्च छतावर करा. स्लॅब असेल तर चुन्यात डिंक किंवा चिकटद्रव्य घालून दोन हात द्या. पत्र्यावर चुना टिकत नाही, पोपडे निघतात, तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्ट ही संस्था वस्त्यांमधल्या बायकांसोबत अशीच छतं पांढरी करण्याचं काम करते. तेही जमत नसेल तर पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून हिरवी जाळी ताणा. खालून बांबूचा तट्टा लावला आणि पत्रा व तट्टा यांच्यात हवेला जागा ठेवली तर फरक चांगला जाणवतो. काही जणी छतावर पऱ्हाट्या टाकतात. गारवा होतो हे खरं, पण चुलीची ठिणगी किंवा तारेचा स्पार्क लागला तर घर जाईल, म्हणून मी तो सल्ला देणार नाही. पश्चिमेच्या भिंतीला मांडव घाला, संध्याकाळचं ऊन तिथेच अडतं.

आता मशीनकडे येऊ.

माठातलं पाणी गार का होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माठातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कूलर म्हणजे तेच, फक्त पंखा लावलेला. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत येते आणि गार होते. हवा जितकी कोरडी, तितका कूलर चांगला. आपला एप्रिल-मे कोरडा, म्हणून कूलर आपल्याकडे चालतो. कॉलेजातली माझी मैत्रीण रत्नागिरीची आहे. तिकडे हवेतच पाणी भरलेलं, कूलर लावला तर अंग आणखी चिकट होतं. आपल्याकडेही मृगाचा पाऊस पडला की कूलर काम करत नाही, तो बिघडलेला नसतो.

पण कूलर चालायला दोन गोष्टी लागतात. तो खिडकीबाहेर हवा, म्हणजे बाहेरची हवा ओढेल. आणि समोरची एखादी खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. खोलीत ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या की तासाभरात दमट होतं आणि मग "कूलर बेकार निघाला" म्हणतात.

ही बाहेर जाणारी वाट कुठली ठेवायची, ते सांगते. कूलर नेहमी समोरच्या खोलीत असतो, टीव्हीजवळ. तुम्ही असता मागे चुलीपुढे किंवा गॅसपुढे. मग कूलरची हवा बाहेर जायची वाट स्वयंपाकघरातूनच ठेवा. बाकीच्या खिडक्या लावून घ्या, स्वयंपाकघराची खिडकी किंवा मागचं दार उघडं ठेवा. गार हवा तुमच्या अंगावरून जाईल आणि धूरही बाहेर काढेल. एक पैसा जास्त लागत नाही. घरात कुणी विचारलं तर सांगा, ताईनं सांगितलं.

कूलरचा दुसरा हिशेब पाण्याचा. मोठा कूलर दिवसभर चालला तर 60-70 लिटर पाणी सहज पितो, म्हणजे चारेक गुंड. ते कोण आणणार? ज्या वस्तीत मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे मोठा कूलर घेणं म्हणजे बाईच्या डोक्यावर चार गुंड वाढवणं. तिथे लहान टाकीचा घ्या आणि फक्त रात्री चालवा. ते पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करायची. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

शॉकचं तर मी प्रत्येक गावात बोलते. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी पेपरात येते. लोखंडी बॉडी, ओली जमीन, अनवाणी पाय, आणि तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन तोडून टाकलेली. ती जाड पिन अर्थिंगची आहे, जीव वाचवणारी आहे. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. लेकरांना कूलरला हात लावू द्यायचा नाही. शक्य असेल तर वायरमनकडून मेन बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाईन तोडतो.

आता एसी. कुणासाठी योग्य? स्लॅबची, लहान, दारं-खिडक्या घट्ट लागणारी खोली असेल, घरात तान्हं बाळ, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल, आणि लाईन बऱ्यापैकी टिकत असेल, तर घ्या. कवेलूच्या किंवा फटी असलेल्या पत्र्याच्या घरात एसी म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. गारवा वर निघून जातो आणि मशीन थांबतच नाही.

दुकानदार विचारतो, "किती टनाचा?" टन म्हणजे मशीनचं वजन नाही. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जितकी उष्णता ओढतो तितकी ओढायची ताकद, एवढाच त्याचा अर्थ. दहा बाय बारापर्यंतच्या खोलीला साधारण 1 टन पुरतो. बारा बाय पंधरासारखी खोली असेल, किंवा स्लॅबवर थेट ऊन पडत असेल, तर 1.5 टन. लहान मशीन मोठ्या खोलीत लावून पैसे वाचत नाहीत, ती रात्रभर धापा टाकत राहते.

चांदण्या म्हणजे स्टार बघा, पण त्याखाली वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. तो 1600 तासांचा धरलेला असतो. 800 लिहिलं असेल तर तासाला अर्धा युनिट. आपल्या कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त जाईल, पण दोन मशीनमधली कोणती कमी खाते हे त्यावरून कळतं. आणि इन्व्हर्टर एसी म्हणजे लाईन गेल्यावर बॅटरीवर चालणारा एसी नव्हे! दोन घरांत हाच समज दिसला, म्हणून सांगते. तो खोली गार झाल्यावर आपला वेग कमी करतो आणि वीज वाचवतो, एवढंच. कॉइल तांब्याची आहे का विचारा, ती दुरुस्त करता येते. आणि मेकॅनिक कुठून येणार? तालुक्यातून की जिल्ह्यातून? मे महिन्यात मशीन बंद पडली आणि माणूस दहा दिवसांनी आला तर काय उपयोग?

आता बिल. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात, 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, पुढे आणखी. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. समजा तुमच्या घरी महिन्याला 90 युनिट जळतात. 200 वॅटचा कूलर रोज 10 तास चालला तर रोजचे 2 युनिट, महिन्याचे 60, एकूण 150. एसीला तासाला 1 युनिट धरा, रात्रीचे 8 तास, महिन्याचे 240, एकूण 330. म्हणजे 300 चा टप्पाही ओलांडला. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही बघा. एसीसाठी तो वाढवून घ्यावा लागू शकतो. जाड वायर आणि 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट तर हवाच. पंख्याच्या वायरवर एसी जोडला तर वायर तापून आग लागते.

घेतलाच तर 24 वर ठेवा आणि पंखा हळू चालू राहू द्या. 18 वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त बिल वाढतं. एक-एक अंश वर ठेवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. बाहेरचं युनिट उत्तरेला किंवा सावलीत बसवा.

पैशाचं शेवटी बोलते. दुकानात "शून्य टक्के हप्ता" लिहिलेलं असतं, तिथे फाइल चार्ज किती आणि रोख घेतलं तर किंमत किती कमी होते, हे दोन प्रश्न विचाराच. गटाकडून शेकडा 2 रुपये महिना व्याजाने 40 हजार घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याजच 800 रुपये, मुद्दल आणि बिल वेगळं. मला जास्त काळजी वेगळीच आहे. एप्रिलमध्ये दोन-तीन जणींनी एसीसाठी गटातले पैसे उचलले तर जूनमध्ये बियाणं-खताला बाकीच्यांना काय उरणार? माझं मत विचाराल तर गटाने छताच्या रंगाला आणि कूलरला कर्ज जरूर द्यावं. एसीला द्यायचं असेल तर पेरणीची रक्कम आधी बाजूला काढून, ठराव करून द्यावं. आणि कर्ज तुमच्या नावावर असेल तर दुकानाचं बिल आणि वॉरंटी कार्डही तुमच्याच नावाचं घ्या. हप्ता बाईचा आणि वस्तू दुसऱ्याच्या नावाची, असं नको.

पुढच्या बैठकीला ज्यांना हिशेब करून घ्यायचा आहे त्यांनी मागच्या मे महिन्याचं विजेचं बिल आणि खोलीचं माप आणा. टेप नसेल तर साडीच्या काठाने मोजलं तरी चालेल, सहा वार किती होतात ते आपल्याला माहीत आहे.