शाळामास्तर आणि एकोणीस विजेतेपदे

(वार्षिक क्रीडा-पारितोषिक समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मी इतिहासाचा शिक्षक. व्हॉलीबॉलवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की शाळेतील क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी शिट्टी माझ्या हाती दिली आणि ती अजून माझ्याच गळ्यात आहे.

गेल्या वर्षी एक पालक मला शाळेच्या व्हरांड्यात भेटले. त्यांचा मुलगा नववीत होता आणि आमच्या संघाचा सेटर होता. हात मऊ, नजर तीक्ष्ण. ते म्हणाले, "सर, पोराचं नाव टीममधनं काढा. पुढच्या साली दहावी. बॉल मारून काय पोट भरतं?" मी म्हणालो, "ठीक आहे चाचा, तुम्ही म्हणता तसं." मी नाव काढले. त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते शोधण्याची तसदीही मी त्या दिवशी घेतली नाही. आज एका माणसाची हकिकत सांगतो. ती तुम्हांला उत्तर वाटते का, ते तुम्हीच ठरवा.

त्यांचे नाव अ‍ॅल स्केट्स. जन्म १९३९ चा, अमेरिकेतील लॉस एंजेलिसचा. तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, ज्याला सर्वजण यूसीएलए म्हणतात, ते शिकले आणि तेथेच व्हॉलीबॉल खेळले. १९६३ साली त्याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचे ते प्रशिक्षक झाले. वय अवघे चोवीसच्या आसपास. आपल्याकडे या वयात बी.एड.चा प्रवेश-अर्ज भरण्याची धावपळ चाललेली असते.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठा पगार आणि मोठी मोटार येते. अमेरिकेत फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांच्या बाबतीत ते खरेही आहे. व्हॉलीबॉलची गोष्ट निराळी होती. या खेळाचा जन्म अमेरिकेतच, १८९५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांच्या हातून झाला. पण ज्या घरात जन्म झाला तेथेच पोरके व्हावे तशी त्याची अवस्था होती. विद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने पुरुषांच्या व्हॉलीबॉलची अधिकृत स्पर्धा सुरू केली ती १९७० मध्ये. म्हणजे स्केट्स यांनी पहिली सात वर्षे ज्या खेळासाठी घाम गाळला, त्याला त्या संघटनेच्या दप्तरी स्थानच नव्हते.

मग या गृहस्थांचे पोट कशावर भरत होते? शाळेवर! यूसीएलएच्या शेजारच्या बेव्हर्ली हिल्स येथील प्राथमिक शाळेत ते शिक्षक होते. एक-दोन नव्हे, तीस वर्षांहून अधिक काळ. दिवसा लहान मुलांना शारीरिक शिक्षण द्यायचे आणि शाळा सुटल्यावर विद्यापीठाच्या मैदानावर जायचे. हे वाचले तेव्हा, खरे सांगतो, मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. चाचांचा प्रश्न खोटा नव्हता. स्केट्स यांचेही पोट व्हॉलीबॉलने भरले असे म्हणवत नाही. पण म्हणून त्यांनी व्हॉलीबॉल सोडला नाही, आणि व्हॉलीबॉलसाठी शाळाही सोडली नाही.

आता निकाल ऐका. १९७० ची पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा यूसीएलएने जिंकली. १९७१ ची जिंकली, १९७२ ची जिंकली. २००६ पर्यंत अशी एकोणीस विजेतेपदे झाली. १९७९, १९८२ आणि १९८४ या तीन हंगामांत त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. १९८४ मध्ये अडतीसच्या अडतीस सामने जिंकले. २०१२ साली ते निवृत्त झाले तेव्हा पन्नास हंगाम पुरे झाले होते. विजय १२३९, पराभव २९०. त्याच विद्यापीठात बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक जॉन वुडन होते, त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे दहा. गंमत अशी की वुडन हेही आधी हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे मास्तरच!

आकडे टाळ्यांसाठी ठीक आहेत. मला त्यांपेक्षा एका मुलाची गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्याचे नाव कार्च किराय. त्याचे वडील हंगेरीच्या कनिष्ठ राष्ट्रीय संघाकडून व्हॉलीबॉल खेळलेले. १९५६ च्या उठावानंतर देश सोडून ते अमेरिकेत आले. त्यांनी मुलाला लहानपणीच चेंडू दिला, आणि तो अकरा वर्षांचा असताना समुद्रकिनाऱ्यावरच्या स्पर्धेत त्याचा जोडीदार म्हणून स्वतः उतरले. मोठ्या माणसांविरुद्ध बाप-लेक एका बाजूला. इथे बसलेल्या वडीलमंडळींपैकी कितीजण मुलासोबत एक डाव खेळले आहेत? हात वर करू नका, मीही करणार नाही.

हा किराय १९७९ च्या हंगामात यूसीएलएच्या संघात आला. विद्यार्थी मित्रांनो, आता नीट ऐका, कारण हे तुमच्या कामाचे आहे. साधारण संघात एक सेटर असतो; तो चेंडू उचलून देतो आणि बाकीचे स्मॅश मारतात. टाळ्या मारणाऱ्याला मिळतात, म्हणून आपल्या मैदानावर सगळ्यांनाच मारायचे असते आणि सेटर व्हायला कोणी तयार नसतो. स्केट्स यांनी त्या वर्षी दोन सेटर ठेवले, किराय आणि सिंजिन स्मिथ. दोघे समोरासमोरच्या जागी. फिरत फिरत जो मागच्या रांगेत जाईल त्याने पुढे येऊन चेंडू उचलून द्यायचा आणि जो पुढच्या रांगेत असेल त्याने मारायचा. म्हणजे संघातला सर्वांत जबर मारणारा मुलगा निम्मा वेळ इतरांसाठी चेंडू लावत होता. पुढच्या रांगेत मारणारे नेहमी तीन, त्यामुळे समोरच्या ब्लॉकरला कुणावर नजर ठेवावी हेच कळेना. किराय असतानाच्या चार हंगामांत संघ १२३ सामने जिंकला आणि फक्त पाच हरला. त्या पाचांतला एक १९८० चा अंतिम सामना होता.

आणि अभ्यास? किरायने जीवरसायनशास्त्राची पदवी घेतली, तीही चांगल्या श्रेणीत, १९८३ साली. पुढे १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके, १९९६ मध्ये वाळूवरच्या व्हॉलीबॉलचे तिसरे, आणि टोकियोत २०२१ साली भरलेल्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून आणखी एक.

"असे किराय किती निघणार?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो. फार थोडे. तेथील नियमानुसार पुरुष व्हॉलीबॉलच्या एका संघाला दीर्घकाळ जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्यांएवढीच रक्कम देता येत असे, आणि ती पंधरा-वीस मुलांत वाटायची. म्हणजे बहुतेक मुले पुरी किंवा अर्धी फी भरून, वर्गात बसून, परीक्षा देऊन खेळत होती. हंगामही चारच मिळत. पाचव्या वर्षी खेळ संपला, पदवी हातात राहिली. स्केट्स यांचे बहुसंख्य खेळाडू असेच असणार, आणि त्यांच्याविषयी कोणी पुस्तके लिहीत नाही.

२००६ ची गोष्ट सांगतो आणि थांबतो. सहा वर्षे विजेतेपद नव्हते. स्केट्स सहासष्ट वर्षांचे. हंगामाच्या मध्याला संघाचे बारा विजय, बारा पराभव. आपल्याकडे एवढ्यावर समितीची तातडीची बैठक झाली असती. त्यानंतर त्या मुलांनी सलग चौदा सामने जिंकले, आणि अंतिम सामन्यात पेन स्टेट विद्यापीठाला त्यांच्याच अंगणात सरळ तीन डावांत हरवले. ते एकोणिसावे आणि शेवटचे. निवृत्तीनंतर त्यांच्या जागी आले ते जॉन स्पेरॉ, स्केट्स यांच्याच हाताखाली खेळलेले. त्यांनी २०२३ आणि २०२४ मध्ये यूसीएलएला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले.

त्या नववीतल्या मुलाचे काय झाले, असे कोणी विचारील. संघातून नाव काढल्यावर त्याचे गुण वाढले नाहीत. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. कमीही झाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. साडेचारला घंटा होते आणि तो दप्तर घेऊन कुंपणापाशी उभा राहतो. पाच मिनिटे, कधी दहा. मग घरी जातो. चाचा, तुम्ही आज समोर बसला आहात. व्हरांड्यात मी फार लवकर "ठीक आहे" म्हणालो. आठवड्यातून तीन दिवस, साडेचार ते साडेपाच, एवढाच वेळ मागतो. त्याचा इतिहास आणि मराठी मी सकाळी शाळा भरण्यापूर्वी घेईन, गणिताच्या सरांशीही बोललो आहे. सहामाहीत गुण घसरले तर नाव काढायला मीच तुमच्याकडे येईन.

सोमवारी नेट बांधायचे आहे. जुन्या नेटची वरची दोरी तुटली होती, ती बदलली आहे.