कोपऱ्यातला अंधार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. आपलं दादर-माटुंगा याच ट्रस्टनं आखलं. रुंद रस्ते, बागा, इमारतींमध्ये अंतर; घराघरांत उजेड-वारा यावा म्हणून. तो आलाही. राहिला फक्त ओट्याखालचा कोपरा!

जुन्या स्वयंपाकघरात भिंतीला मांडणी असे, डबे डोळ्यांसमोर असत. आता पुनर्विकासातल्या नव्या घरात ओटा काटकोनात वळतो आणि दोन बाजू मिळतात तिथं खाली दोन-दोन फुटांची अंधारी जागा उरते. तिथं मागे सरकलेला साबुदाणा एकादशीला आठवतो, शेवया ईदला. तो डबा काढायला गुडघे टेकून बसतं कोण? बहुधा घरातली सर्वांत वयस्क बाई.

यावर उपाय म्हणून फिरती मांडणी मिळते. ती घेताना आधी कपाटाचं दार पाहा. दार तिरपं असेल तर पूर्ण गोल तबक बसतं. कोपऱ्यात घडीचं दार असेल तर पाऊण गोल. कपाटाची एक बाजू बंद असेल तर दारातून बाहेर येणारी अर्धगोल तबकं घ्यावी लागतात. माप कपाटाचं नव्हे, दार उघडल्यावर जी मोकळी जागा मिळते तिचं घ्या. बिजागरी, नळाचे पाइप, गॅसची नळी यांनाही जागा लागते.

दुसरी गोष्ट, चौकोनात गोल बसवला की सुमारे २१ टक्के जागा वाया जाते. दुकानदार हे सांगेलच असं नाही. पण जिथं हात पोचत नाही, ती जागा तशीही आपली नव्हतीच.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. मुंबईच्या पावसाळी हवेत मुलामा दिलेली तार लवकर गंजते. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील महाग, पण टिकतं. तळ सपाट हवा, काठ उंच हवा. नाहीतर बरणी कलंडून मागे पडते आणि पुन्हा गुडघे टेकणं आलंच. पाच किलोचे चार डबे म्हणजे वीस किलो. एक तबक किती वजन पेलतं ते विचारा. दुकानात रिकामं तबक फिरवू नका, ते कुणाचंही फिरतं. वजन ठेवून एका बोटानं फिरवून पाहा.

त्यावर रोजचंच सामान ठेवा. आमच्याकडची बिर्याणीची देग काय किंवा शेजारचं मोदकपात्र काय, वर्षातून एकदोनदा निघतं. त्यांना माळाच बरा.

आणि खरेदीला जाताना, रोज जी ओट्याशी उभी राहते तिला सोबत न्या. फिरवायचं तिनं, पसंत करायचं तिनं. तरीही तिला फार वाकावं लागत असेल, तर कोपरा सरळ बंद करा आणि दोन्ही बाजूंना बाहेर ओढायचे खण करून घ्या. चार डब्यांची जागा गेली तरी चालेल, तिचे गुडघे राहू द्या.